मावशी गेली

७ मार्च

ताई,

आधी हे वाच, मग बाकीचं: मावशी जिवंत आहे. चांगली ठणठणीत आहे. मी हे लिहितेय तेव्हा ती शेजारच्या खोलीत घड्याळकाकांवर ओरडतेय, माझा चष्मा कुठे ठेवलात म्हणून. चष्मा तिच्या डोक्यावर आहे. काकांना तो दिसतोय, पण ते सांगत नाहीत, कारण मग ओरडणं बंद होईल.

नमस्कार-चमत्कार पुढच्या पत्रात. तू मला फोनवर ब्लॉक केलंस म्हणून हे सगळं कागदावर उतरवायची पाळी आली. पत्ता जुना आहे. तू घर बदललं असशील तर हे पत्र कुणा तिऱ्हाइताच्या हातात पडेल आणि त्याची फुकट करमणूक होईल.

परवा संध्याकाळी तुला माझा निरोप आला: "मावशी गेली. उद्या सकाळी लवकर ये, सगळं आवरायला लागेल." तो तुझ्यासाठी नव्हता. आमच्या प्रयोगशाळेत एक मदतनीस आहे. टब, नळ्या, झाडलोट सगळं तिच्याकडे. वयानं माझ्याहून मोठी, म्हणून सगळे तिला ताई म्हणतात आणि तिच्याशी अगं-तुगं करतात. माझ्या फोनमध्ये ती "ताई" आणि तूही "ताई". तुझ्या नावावर बोट ठेवायची वेळ सात वर्षांत आली नाही, त्यामुळे तिथं दोन ताया आहेत हेच मी विसरले होते. आणि जी गेली ती आपली मावशी नव्हे. तो एक निळा प्लॅस्टिकचा टब आहे. आमच्याकडे टबांना नातेवाइकांची नावं आहेत. हसू नकोस. का आहेत ते नंतर सांगेन.

तुझं उत्तर आलं तेव्हा मी बस थांब्यावर उभी होते. "निघतेय. मी येईपर्यंत थांबा." मला आधी कळेचना की प्रयोगशाळेतली ताई कुठून निघतेय आणि आम्ही का थांबायचं. मग वर नाव नीट पाहिलं. मी फोन लावला. तू उचललास. तू रडत होतीस, आणि मी भर रस्त्यात "अगं टब! टब गेला!" असं ओरडत होते. थांब्यावरची माणसं माझ्यापासून जरा लांब सरकली.

शेवटी तू म्हणालीस, "मावशीला यातलं काही सांगायचं नाही," आणि फोन ठेवलास. त्यानंतर ब्लॉक.

तू चिडलीस ते बरोबरच आहे. तरी एक विचारते. तू सात वर्षांत पहिल्यांदा "निघतेय" म्हणालीस. मेलेल्या मावशीसाठी तू विमानात बसायला तयार होतीस. मग जिवंत मावशीनं तुझं काय घोडं मारलंय?

उत्तर दिलं नाहीस तरी चालेल. नाही, चालणार नाही. पण मी वाट बघू शकते.

तुझी,
धाकटी


२२ मार्च

ताई,

पहिलं पत्र परत आलं नाही, म्हणजे पत्ता बरोबर आहे आणि तू ते फाडलंस तरी आधी वाचलं असशील. तुझी सवय मला ठाऊक आहे. लहानपणी माझी चित्रं तू फाडायचीस, पण आधी पूर्ण बघायचीस.

मावशीला मी काही सांगितलेलं नाही. माझ्या पोटात काही राहत नाही हे तुला माहीत आहे, त्यामुळे हे दोन आठवडे मी कसे काढलेत ते मलाच ठाऊक. ती "तोंड का असं केलंयस?" विचारते आणि मी म्हणते दाढ दुखतेय. काल तिनं दातांच्या डॉक्टरांची वेळ घेऊन ठेवली. आता न दुखणारी दाढ दाखवायला जावं लागणार.

आता टबांचं. तू विचारलं नाहीस, तरी मी सांगणार.

आमच्या मागच्या अंगणात टबांच्या रांगा आहेत. प्रत्येकात सारखंच पाणी, सारखंच ऊन, तळाला सारखीच माती. त्यात पाणपिसवा सोडलेल्या. नावावर जाऊ नकोस, त्या चावत नाहीत. ठिपक्याएवढा जीव, पाण्यात टुणटुण उड्या मारतो आणि हिरवं शेवाळ खाऊन पाणी नितळ ठेवतो. तळ्यात त्या असल्या तर तळं आरशासारखं, त्या गेल्या की पालकाचं सार. जगात बऱ्याच ठिकाणी तळ्यांचं पाणी खारट होत चाललंय, म्हणून आम्हीही टबांत हळूहळू मीठ वाढवतो आणि कोण टिकतं ते बघतो.

गंमत अशी की सगळ्या टबांना मीठ सारखंच, तरी वागणं निराळं. कारण पिसवांच्या मागे त्यांची भावकी येते. कुणाचे पूर्वज डोंगरातल्या गोड्या झऱ्यात वाढले, कुणाचे शेतातल्या डबक्यात, कुणाचे समुद्राकाठच्या खडकांतल्या खळग्यात. आज टबात काय पडलं एवढ्यावर भागत नाही. पणजीच्या पणजीनं काय सोसलं होतं तेही मोजावं लागतं. आणि ते पणजीला विचारता येत नाही, म्हणून एवढा खटाटोप.

नावं माझीच कल्पना. एका टबात सगळ्या एकाच वंशाच्या, त्याचं नाव "सख्ख्या". दुसऱ्यात तीन-चार वेगळ्या घराण्यांच्या एकत्र, तो "जावा". सख्ख्यांनी बरेच दिवस छान तग धरला आणि मग एका दुपारी सगळ्या एकदम गेल्या. एकीला जे सोसवेना ते कुणालाच सोसवेना. जावांमध्ये मात्र रोज कुणीतरी मरत होतं, कुणीतरी वाढत होतं, आणि पाणी शेवटपर्यंत स्वच्छ. सर म्हणाले, एकत्र कुटुंबाचा हा पहिला शास्त्रीय पुरावा. त्यांना मोठं एकत्र कुटुंब आहे, त्यामुळे ते हसले नाहीत.

आणि समुद्राकाठच्या खळग्यातल्या होत्या "मावशी". मीच नाव दिलं. खारं पाणी पिऊन वाढलेली माणसं, म्हटलं, ही सगळ्यांना पुरून उरतील. आपल्या मावशीसारखी. आई गेली तेव्हा ती एक बॅग घेऊन पंधरा दिवसांसाठी आली होती आणि आपण दोघी मोठ्या होईपर्यंत ती बॅग माळ्यावरच राहिली. असं माणूस कशानं हरणार?

तर त्या सगळ्यांत आधी गेल्या. पाणी अजून नीट खारटसुद्धा झालं नव्हतं. सरांनी तक्त्यावर मावशीसमोर लाल फुली मारली आणि म्हणाले, "तुमचा अंदाज पार आडवा पडला." मी त्या संध्याकाळी फार खट्टू झाले होते, ताई. टबासाठी कुणी रडतं का? मी रडले. म्हणून तो निरोप धड बघून पाठवला नाही.

निरोप योग्य ताईला पोचलाच नाही, त्यामुळे टब तसाच राहिला. नंतर मी तिला सांगितलं तर ती म्हणाली, "आत्ता नळ्यांवरचं मीठ खरवडायचा आठवडा आहे, माझी पाठ धरलीय, मला एक टब घासायला लावू नकोस. गोडं पाणी भरून ठेवते, मिठाचा थर आपोआप सुटेल. मग बघू." असो. मावशी कोपऱ्यात भिजत पडली आहे.

तुझी,
दाढ न दुखणारी


४ एप्रिल

ताई,

मी सांगितलं. शिव्या दे.

दातांचे डॉक्टर म्हणाले, दाढ उत्तम आहे. मावशी सोबत आली होती. बाहेर येऊन पायरीवरच तिनं मला धरलं. "दाढ उत्तम, मग दुखतंय काय?" मी तिथंच सगळं ओकले. दोन ताया, टब, तुझं "निघतेय", सगळं.

आधी ती इतकी हसली की तिला भिंतीला टेकावं लागलं. "म्हणजे मी मेले आणि मलाच पत्ता नाही!" मग हसणं ओसरलं. थोडं चालल्यावर तिनं विचारलं, "रडली का गं ती?"

मी हो म्हटलं.

"फार?"

मी म्हटलं, फार.

घरी दाराशी चपला काढताना ती म्हणाली, "म्हणजे यायला जमतं तिला. मला वाटायचं, जमत नसेल."

ताई, एवढंच. त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला इतकं लागलं नसतं.

तुला वाटतं ती तुझ्यावर रागावली आहे. तिला वाटतं तू तिच्यावर रागावली आहेस. दोघी आपापल्या ठिकाणी गप्प. आपल्या घराण्याची ही रीतच आहे म्हणा. आई रागावली की भांडत नसे, अबोला धरायची. आजी तर म्हणे सख्ख्या भावाशी त्याच्या लग्नापासून बोलली नव्हती, आणि लग्नात काय बिनसलं होतं ते दोघांनाही आठवत नव्हतं. मावशी तशीच, तू तशीच. मी एकटी बडबडी निघाले ती कुणावर गेलेय देव जाणे.

ते जेवणाचं टेबल आठवतं का? मावशीनं सांगितलं की मी कोपऱ्यावरच्या घड्याळदुरुस्तीवाल्यांशी लग्न करतेय. मला तर हसूच फुटलं होतं, आनंदानं. आणि तू विचारलंस, "तुला आम्ही पुरे नव्हतो का?" मावशीनं ताटातली मान वर केली नाही. तू उठलीस. पुढच्या महिन्यात तू परदेशात.

तेव्हा मला तुझा फार राग आला होता. लोक काय म्हणतील याची तुला पडलीय, असं मला वाटलं. आता मावशीच्या पायरीवरच्या चेहऱ्याकडे बघून वाटतं, तुला लोकांचं काहीच नव्हतं. आई गेली तेव्हा मी पाच वर्षांची होते, मला आईचा आवाजसुद्धा आठवत नाही. तू बारा वर्षांची होतीस. कुणीतरी आपल्याला सोडून चाललंय याचा अर्थ तुझ्यासाठी एकच होता. एवढ्या मोठ्या बाईनं प्रश्न विचारला, पण आवाज त्या बारा वर्षांच्या मुलीचा होता, आणि आम्ही कुणी तो ओळखला नाही.

तुझा प्रश्न मी काल मावशीला पुन्हा विचारला. पुरे नव्हतो का? ती भाजी चिरत होती. म्हणाली, "पुरेच होतात गं. उरून होतात. पण तुम्ही आपापल्या घरी जाणार, मग संध्याकाळी मी भांडायचं कुणाशी?"

हे तिला सात वर्षांपूर्वी सुचलं असतं तर किती बरं झालं असतं. पण मी म्हटलं ना, घराण्याची रीत.

तुझी,
चहाडखोर


१३ एप्रिल

ताई ताई ताई,

तुझं कार्ड आलं! एवढ्या मोठ्या कार्डावर एकच ओळ: "टबाचं पुढे काय झालं?" खाली सही नाही. मावशीनं ते खिडकीशी नेऊन उलटंसुलटं करून पाहिलं आणि विचारलं, "ही माझं विचारतेय की त्या टबाचं?" मी म्हटलं, तिलाच ठाऊक. तर म्हणाली, "जाऊ दे, विचारलं तर खरं," आणि कार्ड घड्याळकाकांच्या दुकानातल्या मोठ्या घड्याळामागे खोचायला दिलं. आता काका गिऱ्हाइकांना दाखवतात. थोरलीचं आलंय म्हणून.

आणि आता ऐक. तुझं कार्ड काल आलं आणि आज सकाळी मी प्रयोगशाळेत शिरते तर आमची ताई कोपऱ्यात कमरेवर हात ठेवून उभी. "तुझी मावशी बघ काय करतेय," म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार होती, कारण तिनं घासायचा काथ्या हातात घेतला होता.

टब हलत होता. पाणी नव्हे, पाण्यातले जीव. असंख्य. सुईच्या टोकाएवढ्या पिसवा टुणटुण उडत होत्या आणि तळाचं शेवाळ फिकं पडायला लागलं होतं. मी काथ्या हिसकावून घेतला. ताई म्हणाली, "म्हणजे घासायचा नाही ना? बरं झालं," आणि खुर्चीत बसली.

दुपारभर मी आणि सर तळाची माती चाळत बसलो तेव्हा उलगडलं. मावशी मेल्याच नव्हत्या. म्हणजे मोठ्या मेल्या, पण जाण्याआधी तळाला अंडी घालून गेल्या. नेहमीची नव्हेत, टणक काळ्या पेटीतली, जी वर्षानुवर्षं मातीत पडून राहू शकतात. गोडं पाणी आलं आणि पेट्या उघडल्या.

पण एवढ्या लवकर का? मीठ तर त्यांना सोसलं असतं. सर बराच वेळ टक्कल खाजवत होते. मग मला त्यांचा खळगा आठवला, जिथून मी त्या आणल्या होत्या. समुद्राकाठचा तो खळगा उन्हाळ्यात आटतो. आटायला लागला की उरलेलं पाणी आधी खारट होतं, मग संपतं. हजारो पिढ्या हेच. त्यांच्या लेखी मीठ म्हणजे मीठ नाहीच, ती सूचना आहे: पाणी जाणार, आवरा. आम्ही मीठ घातलं आणि त्यांनी त्यात निरोप वाचला. टब काही आटणार नव्हता. पण त्यांच्या पूर्वजांच्या अनुभवानं त्याचा दुसरा अर्थच होत नव्हता, म्हणून त्यांनी पसारा आवरला आणि तळाला जाऊन बसल्या. डोंगरातल्या झऱ्याच्या पिसवांना असला निरोप कधी आलाच नव्हता. त्या शेवटपर्यंत उड्या मारत राहिल्या आणि खरोखरच्या मेल्या. त्यांच्या तळाशी काही नाही, आम्ही पाहिलं.

सरांनी तक्त्यावरची लाल फुली खोडली. पुसट राहिलीय थोडी. म्हणाले, "पुढच्या वेळी टब मेला असं ठरवण्याआधी गोडं पाणी घालून बघायचं, हा आता नियम." आमची ताई म्हणाली, "म्हणजे भिजत घालायचं काम वाढलं."

आणि माझ्या मनात एकच येतंय. तो निरोप बरोबर ताईला गेला असता तर सहा मार्चलाच तो टब खसाखसा घासून उलटा वाळत घातला असता. सगळी अंडी गटारात. मला कधी कळलंही नसतं. चुकीच्या ताईला गेला म्हणून मावशी वाचली. तुझ्यामुळे, असं मी सरांच्या अहवालात लिहू शकत नाही, पण तुला सांगते.

मी आज प्रयोगशाळेच्या नळाशी उभी राहून मनसोक्त रडले. या वेळी बरं वाटत होतं म्हणून.

तुझ्या कार्डाचं उत्तर झालं. टबाचं तरी झालं. दुसऱ्या मावशीचं तू येऊन बघ. तिच्या बाबतीत आपल्याला वर्षानुवर्षांची मुभा नाही.

तुझी,
धाकटी


२ मे

ताई,

हे पत्र मी टपालात टाकणार नाही. तू पोचशील तेव्हा हातात देईन.

काल जेवताना फोन वाजला. तुझं नाव दिसलं आणि त्याखाली एकच शब्द: "निघतेय." मी नाव दोनदा वाचलं. मग प्रयोगशाळेतल्या ताईला फोन करून विचारलं, तू कुठे निघतेयस का? ती म्हणाली, मी जेवतेय, तू ठीक आहेस ना? तेव्हा कुठे माझा विश्वास बसला. (तिचं नाव मी फोनमध्ये "ताई टबवाली" करून टाकलंय. आता पुन्हा असं होणार नाही.)

मावशीला दाखवलं. तिनं चष्मा शोधला, डोक्यावर सापडला, वाचलं. म्हणाली, "या वेळी कोण मेलंय?" मी म्हटलं, कुणी नाही. "मग उगाचच येतेय?" हो, उगाचच. ती म्हणाली, "अस्सं," आणि उठून तुझ्या खोलीतल्या गाद्या उन्हात टाकायला लागली. रात्रीचे नऊ वाजले होते, ऊन कुठून आणणार? तरी टाकल्या.

काका सकाळपासून कपाटापुढे उभे आहेत. मला बाजूला घेऊन विचारलं, "थोरली आली की मी दुकानात जाऊन बसू का? तेवढंच तुम्हाला मोकळं." मी त्यांना रागावले. पण खरं सांगते, मलाही धास्ती आहे. तू त्यांना काय म्हणशील ठाऊक नाही. ते माणूस फार साधं आहे गं. मावशीशी भांडताना नेहमी हरतात, आणि ते मुद्दाम हरतात हे तिलाही कळतं.

विमान उतरलं असेल आता. निघते मी तुला आणायला.


५ मे, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, कपाखाली

ताई,

तू गाढ झोपली आहेस म्हणून उठवलं नाही. इतकं घोरतेस हे मी विसरले होते. मावशीही तश्शीच घोरते. मी नाही.

काल रात्री जेवताना जे झालं ते पुन्हा तोंडावर बोलता येणार नाही, म्हणून लिहिते. काका ताट घेऊन दाराशी घुटमळत उभे होते, आणि तू न बघताच शेजारची खुर्ची ओढलीस आणि म्हणालीस, "काका, बसा ना, गार होतंय." मावशीनं ताटातली मान वर केली नाही. पण या वेळी ती का केली नाही ते आपल्या दोघींनाही दिसलं. तिनं पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाली, तिखट फार झालंय. भाजीत तिखट नव्हतंच, ताई. मीच केली होती.

मी प्रयोगशाळेत चाललेय. जेवायच्या सुट्टीत ये, तुला टब दाखवते. आमच्या ताईलाही तुला बघायचंय. म्हणते, माझ्या नावावर कोण रडलं ते एकदा पाहू दे.

चहा झाकून ठेवलाय.

आणि हो, मावशी गेली. बाजारात. काका पिशवी धरायला. दोघं भांडतच बाहेर पडले. ती परत यायच्या आत ओटा नीट दिसला नाही तर या वयातही आपल्या दोघींना बोलणी बसतील, तेव्हा लवकर ऊठ, सगळं आवरायला लागेल.